आभाराची ओळ

आमच्या मंडळीचे वडीलधारे डीकन ओझेल टॉलिव्हर यांना माती देऊन आम्ही चर्चच्या मागच्या हॉलमध्ये परतलो, तेव्हा दोन्ही कोच जेवणाच्या रांगेत आधीच उभे होते. अल्टामाहा कॉलेजचा कोच रेन्स लाल टाय लावून, पिकेट कॉलेजचा कोच टटल निळा लावून, आणि दोघांच्या समोर चर्चमधल्या बायकांची म्होरकी सिस्टर आयव्हरी कागदी ताटल्यांचा गठ्ठा छातीशी धरून. वय ब्याऐंशी, पण जीभ अजून शाबूत.

"नातेवाईक आधी," ती म्हणाली. "तुमचं नातं कधी जुळलं ते सांगा, म्हणजे वाढते."

रेन्स हसला. "सिस्टर, दोन वर्षं येतोय आम्ही या घरी."

"डीकन आजारी होते तेव्हा किती वेळा आलात? पोरगं घरी असलं की तुमची गाडी दिसायची. पोरगं शाळेत गेलं की गाडी गायब."

तरीही तिने दोघांना तळलेल्या कोंबडीची एकेक तंगडी वाढली. बरोबर एकेक. सकाळपासून सगळं असं तोलूनच चाललं होतं. अल्टामाहाने लाल गुलाबांचं पुष्पचक्र पाठवलं होतं, पिकेटने निळ्या रंगात बुडवलेल्या फुलांचं, आणि आमच्या बायकांनी ती शवपेटीच्या दोन बाजूंना मापाची फीत लावून सारख्या अंतरावर ठेवली होती. घरच्यांचे टाय करडे होते. जमारीने लाल नाहीतर निळा टाय लावला असता, तर पास्टरचं प्रवचन संपायच्या आत बातमी राज्यभर झाली असती.

जमारी म्हणजे डीकनचा नातू. सतरा वर्षांचा आहे, फुटबॉलचा चेंडू काखेत घेऊन पळायला लागला की त्याला धरणारा आमच्या तालुक्यात अजून जन्मायचाय. येत्या बुधवारी शाळेच्या व्यायामशाळेत टेबल मांडणार, त्यावर दोन टोप्या ठेवणार, पोरगा एक उचलून डोक्यावर घालणार आणि त्या कॉलेजच्या संघात जायच्या कागदावर सही करणार. बाहेरच्या जगाला प्रश्न एवढाच होता की टोपी कोणती. आम्हाला टोपीचं काही नव्हतं. डीकननी इस्पितळात शेवटचं मागणं केलं होतं ते खुर्च्यांचं. त्या टेबलाशी जमारीच्या एका बाजूला त्याचा बाप क्लिऑन आणि दुसऱ्या बाजूला आत्या व्हर्लीन बसलेली पाहिजे, असं ते म्हणाले होते. आणि ही दोन भावंडं एकतीस वर्षांत एका टेबलाशी बसली नव्हती. एकमेकांना काही सांगायचं तर बापाच्या तोंडून सांगायची. आता तो निरोप्याही गेला.

त्यांच्या आईच्या अंत्यविधीची गोष्ट विलोबी गावात कुणाला सांगावी लागत नाही, पण सांगितल्यावाचून राहवतही नाही. क्लिऑन तेव्हा अल्टामाहाच्या संघात होता, शेवटच्या वर्षाला, आणि व्यावसायिक संघांची माणसं त्याला बघायला यायला लागली होती. आई गेली. पोराकडे ना काळा सूट, ना घरी यायला भाडं. कॉलेजच्या खेळाचे वेडे असलेले एक मोटारविक्रेते होते, हॅस्केल ड्रमंड नावाचे. त्यांनी सूट घेऊन दिला आणि विमानाचं तिकीट काढून दिलं. तेव्हाचा नियम असा, की खेळाडूने हितचिंतकाकडून सँडविचसुद्धा घ्यायचं नाही. क्लिऑनला ते ठाऊक होतं. त्याने फोनवर बहिणीला बजावलं, की हे नाव कुठे निघता कामा नये.

पण आमच्याकडे अंत्यविधीला पुस्तिका छापतात. वर फोटो, आत जीवनकथा, भजनं, खांदेकऱ्यांची नावं, आणि शेवटच्या पानावर आभार. त्या पानावर ओळ आली: 'क्लिऑनचा सूट व विमानाचे तिकीट यासाठी कुटुंब श्री. हॅस्केल ड्रमंड यांचे ऋणी आहे.' भजनमंडळातल्या एका बाईचा मेव्हणा पिकेटचा भक्त होता. पुस्तिका त्याच्याकडून पिकेटला गेली, पिकेटकडून चौकशीवाल्यांकडे. दोन आठवड्यांत क्लिऑन संघाबाहेर. अल्टामाहाने भिंतीवरून त्याचा फोटो उतरवला, विक्रमांच्या पुस्तकातून त्याचे आकडे काढले. ड्रमंड मोटारी विकत राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आणि आमच्या लोकांची चूक बघा. माणसं चोरी लपवताना सापडतात, आम्ही आभार मानताना सापडलो.

पुस्तिका चर्चच्या यंत्रावर टाइप केली होती व्हर्लीनने. क्लिऑनने घरी आल्यावर एकच प्रश्न विचारला होता, "हे तू टाइप केलंस?" तिने हो म्हटलं. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

*

क्लिऑन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला होता. बावन्न वर्षांचा झाला होता, शेंगदाण्याच्या गिरणीत पोती उचलून पाठ वाकली होती, पण नव्या काळ्या सूटमध्ये तो अजूनही देखणा दिसत होता. ताटलीतल्या कोलार्डच्या भाजीला त्याने हात लावला नव्हता. समोर रेन्स येऊन बसला, आणि रेन्स बसलेला पाहून टटलही आला.

"मिस्टर टॉलिव्हर, आज हे बोलू नये," रेन्स म्हणाला.

"मग बोलू नका."

"चांगली बातमी आहे म्हणून. वरच्या लोकांशी बोललोय. तुमचे आकडे पुन्हा पुस्तकात घालणार. फोटोही लागेल भिंतीवर. बुधवारी जाहीर करायचा विचार आहे."

"पोराने लाल टोपी घातल्यावर?"

"तसं मी म्हटलं नाही."

"तुम्ही लोक तसं कधीच म्हणत नाही," क्लिऑन म्हणाला. "त्या वेळीही कुणी काही म्हटलं नव्हतं. फोटो मात्र उतरला."

टटलने घसा खाकरला. "आमच्याकडून त्या वेळी जे झालं, ते करणारं आता कुणी उरलं नाही, सर. सगळी नवी माणसं आहेत."

"निळा रंग तोच आहे ना?"

शेजारच्या टेबलावरून सिस्टर आयव्हरी म्हणाली, "कोच, पाउंड केक घ्या. तोंड गोड झालं तरी पोरगं मिळत नाही, पण घ्या."

क्लिऑन उठला. बाप गेल्याचं त्याला सकाळपासून नीट कळलंच नव्हतं. खड्ड्यात माती पडतानाही तो सूटच्या बाहीकडे बघत होता. सूट जमारीने आणून दिले होते, त्याला, स्वतःला आणि दोघा चुलतभावांना. क्लिऑनने तीनदा विचारलं होतं, कुणी दिले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. पोरगं म्हणालं होतं, चर्चमधून आलेत. त्याने जास्त खणलं नाही, कारण शवपेटी निवडायची होती, आणि ते काम आधी होतं. आता त्याला थोडी हवा हवी होती. तो मागच्या दाराने कबरींकडे निघाला.

*

"खांदे सैल सोड," फोटोवाला ब्रेडी म्हणत होता. "खाली बघ. हां. एवढं दुःखी नको. आठवण आल्यासारखं कर."

जमारी अक्रोडासारख्या पिकानच्या झाडाखाली उभा होता. मागे वीस पावलांवर आजोबांची ओली माती आणि त्यावर दोन चक्रं, लाल आणि निळं. ब्रेडी लँगफोर्डच्या कपड्यांच्या दुकानातून आला होता. त्याने यायच्या आधी फोन केला नव्हता. जेवण चालू असताना त्याने जमारीला खांद्यावर हात ठेवून बाहेर आणलं, दोनच मिनिटं म्हणाला, आणि जमारीला मोठ्या माणसाला नाही म्हणायची सवय नव्हती.

लँगफोर्डशी करार आत्याने केला होता. आता मुलांना स्वतःचा चेहरा, स्वतःचं नाव दुकानांना वापरायला द्यायची मुभा आहे. अट इतकीच, की अंगावर शाळेचं चिन्ह नको आणि अमुक कॉलेजात जाशील तर देऊ असं कागदावर नको. आत्या शाळेच्या कचेरीत कारकून होती. पोराचा प्रत्येक कागद ती ओळीवर पट्टी ठेवून वाचायची, आणि मग तो कागद आजोबांकडे जायचा, आजोबांकडून बापाकडे. बाप सही करायचा. सूटचं नाव ऐकून बाप बिथरला असता, म्हणून हा एक कागद तिने आजोबांच्या सहीने केला, इस्पितळातल्या खाटेवर. घरात मोठे तेच होते.

जमारीच्या मनात मात्र गेल्या आठवड्यापासून दुसरीच गोष्ट होती. गेल्या आठवड्यात मंगळवारी दुपारी तो आजोबांच्या उशाशी होता. आजोबांनी अडतीस वर्षं शाळेची बस चालवली, तो लहानपणी त्यांच्या मागच्या पहिल्या बाकावर बसायचा. टोपी कोणती घालणार ते त्याने त्यांच्या कानात सांगितलं. ते म्हणाले, "टोपी कुठलीही घाल. खुर्च्यांचं बघ." मग बराच वेळ त्यांनी डोळे मिटले होते. त्याला वाटलं झोप लागली.

"ती ओळ मी लिहिली," आजोबा म्हणाले. "व्हर्लने फक्त टाइप केली. ती नको म्हणत होती."

"पॉप, मग डॅडला सांगा ना."

"आता कोणत्या तोंडाने सांगू? तुला सांगितलं. कुणाला तरी ठाऊक असावं."

एवढंच. शुक्रवारी ते गेले.

"परफेक्ट," ब्रेडी म्हणाला. "मागची फुलं थोडी धूसर येतील, छान दिसेल."

"काय छान दिसेल?"

क्लिऑन त्यांच्या मागे उभा होता. त्याने आवाज चढवला नाही. त्याने मातीकडे पाहिलं, ब्रेडीच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, मग पोराच्या कोटाकडे.

"सर, सूटचा फोटो," ब्रेडी म्हणाला. "करारात आहे. तुमचाही सूट आमचाच. फारच शोभतोय तुम्हाला."

क्लिऑनने सावकाश कोट काढला. डिसेंबरचा वारा होता, तरी काढला.

"कुणी केला करार?"

"डॅड, आज फोटो काढायचं नव्हतं ठरलं..."

"मी विचारलं, कुणी केला?"

"आंटी व्हर्लने, सर," जमारी म्हणाला. बाप असा बोलायला लागला की तो बापालाही सर म्हणायचा.

*

व्हर्लीन चर्चच्या स्वयंपाकघरात एकटीच मॅकरोनीचा जळका ट्रे खरवडत होती. कुणाचं दुःख असो, आमच्याकडे व्हर्लीन भांड्यांजवळ सापडायची. छपन्न वर्षांची झाली, लग्न एकदा ठरलं आणि मोडलं, पोर म्हणून जमारीच. त्याची आई अटलांटाला नव्या संसारात गेली तेव्हापासून त्याचे डबे, ताप, गृहपाठ हिनेच बघितले, पण भावाच्या घराची पायरी न चढता. पोरगं शाळेतून तिच्याकडे यायचं आणि अंधार पडायच्या आत आजोबा त्याला बापाकडे पोचवायचे.

तिने एकतीस वर्षांपूर्वी पुस्तिकेतून ते नाव वगळलं होतं. डीकननी कागद वाचला आणि खिशातलं पेन काढून तळाशी स्वतःच्या हाताने ओळ लिहिली. ती म्हणाली, डॅडी, क्लिऑनने नको सांगितलंय. ते म्हणाले, "त्याने चोरी केलीय का? खाल्ल्या मिठाला जागायची लाज वाटत असेल तर त्याला तो सूट परत करू दे." ते डीकन होते. आभार मानायचे ते चारचौघांत, असं त्यांना वाटायचं. तिने टाइप केलं. आणि क्लिऑनने दारात उभं राहून विचारलं, तेव्हा डॅडी खिडकीशी होते. ते बोलतील म्हणून ती थांबली. ते बोलले नाहीत. रात्री एवढंच म्हणाले, "मी सांगितलं तर तो घर सोडून जाईल, व्हर्ल. तू सहन करशील." मुलींना सहन करता येतं हा शोध कुणी लावला देव जाणे. पुढे दर हिवाळ्यात तिच्या दारात सोललेल्या पिकानची पिशवी यायची. दाणा न् दाणा अख्खा. त्यापलीकडे त्यांनी कधी काही म्हटलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

दार उघडलं. कोट हातात घेऊन क्लिऑन आत आला.

"हा सूट कुणी दिला?"

इतक्या वर्षांनी तो थेट तिच्याशी बोलला होता. तिने हात पुसले.

"लँगफोर्डच्या दुकानाने. चार सूट, दोन फोटो. वकिलाला दाखवलंय. शाळेची पिनसुद्धा काढायला लावली मी त्याच्या कोटावरून. कुठल्या कॉलेजचं नाव नाही त्यात. नियमात बसतं, क्लिऑन."

"नियमात बसतं."

"हो. आता चालतं."

"डॅडींच्या मातीजवळ पोराला उभं करून, एवढं दुःखी नको म्हणायचं, हे पण चालतं?"

व्हर्लीनचा चेहरा उतरला. "आज? फोटो पुढच्या आठवड्यात दुकानात काढायचे होते. आज त्याला कुणी बोलावलं मला माहीत नाही."

"तुला कधीच काही माहीत नसतं. तू फक्त टाइप करतेस."

तिने ट्रेकडे पाहिलं. नळ थेंब थेंब गळत होता, तो तिने घट्ट केला.

"उसना सूट चालला असता मला," तो म्हणाला. "पुन्हा तेच कशाला? आई गेली तेव्हा सूट, बाप गेला तेव्हा सूट. तुला दुसरं काही सुचत नाही?"

"मला तुला एकदा नव्या सूटमध्ये बघायचं होतं. कुणी येऊन विचारणार नाही अशा."

तो दुधाच्या रिकाम्या क्रेटवर खाली बसला. एवढा मोठा माणूस, गुडघे हनुवटीपर्यंत आले.

"मी फोनवर सांगितलं होतं तुला. दोनदा. नाव घालू नकोस."

"सांगितलं होतंस."

"मग का, व्हर्ल? मी कधी विचारलं नाही. डॅडींना त्रास नको म्हणून. आता ते नाहीत. आता सांग."

दारात जमारी येऊन उभा होता. बापाच्या मागून त्याने सगळं ऐकलं होतं. "आंटी," तो म्हणाला, "सांग त्यांना."

"काय सांगायचंय?" क्लिऑनने मान वळवली.

"जमारी, सिस्टर आयव्हरीला बर्फ नेऊन दे."

"आंटी, पॉपने मला..."

"बर्फ," व्हर्लीन म्हणाली. "शीतपेटीत आहे. जा, बाळा."

पोरगं हललं नाही. व्हर्लीनला एका क्षणात कळलं, की याला ठाऊक आहे. म्हणजे डॅडींनी कुणाला तरी सांगितलं होतं. तिला नाही, क्लिऑनला नाही, या लेकराला सांगितलं होतं. तिला राग आला, पण मृतावर रागावता येत नाही. वाक्य तर तिच्याकडे तयार होतं. एकतीस वर्षं ते तिने भांडी घासताना, कारकुनी करताना, देवासमोर मनात म्हटलं होतं. आज म्हटलं असतं तर खोटं पाडणारं कुणी नव्हतं, साक्षीदार दारात उभा होता.

"एक सांगू?" क्लिऑन म्हणाला. तो कोटाच्या अस्तराशी बोलत असल्यासारखा बोलत होता. "सगळ्यांनी मला फसवलं. कोचने, ड्रमंडने, कॉलेजने. तू सुद्धा. डॅडी तेवढे नाहीत. गिरणीतून आलो की ते बस लावून यायचे आणि माझ्या पायरीवर बसायचे. रोज. एक शब्द बोलायचे नाहीत. मला वाटायचं, गेलं ते माझं गेलं, यांच्या डोळ्यांत का पाणी? तो एक माणूस होता म्हणून मी जगलो, व्हर्ल. नाहीतर त्या वर्षी मी काही जगत नव्हतो."

मग तो रडायला लागला. सकाळपासून, शवपेटी उतरतानाही जे आलं नव्हतं, ते आता आलं. तो तोंडावर कोट धरून लहान मुलासारखा रडला.

व्हर्लीनने पोराकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही. जमारी तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने शीतपेटी उघडली, बर्फाची पिशवी काढली आणि ती दोन्ही हातांनी धरून तो बाहेर गेला.

"मला वाटलं, आभार मानायला हवेत," व्हर्लीन म्हणाली. "एवढा मोठा उपकार, आणि नाव घ्यायचं नाही? मला बरं वाटेना. अक्कल नव्हती मला."

"पंचवीस वर्षांची होतीस."

"तरी नव्हती."

"आणि डॅडींनी बघितलं नाही छापायच्या आधी?"

"नाही. मी त्यांना दाखवलंच नाही." तिचा आवाज अजिबात हलला नाही. "चुकलं माझं, क्लिऑन. तुझं आयुष्य गेलं त्यात. मला माफ कर."

बाहेर सिस्टर आयव्हरी कोणत्या तरी कोचला गाडीची चावी शोधून देत होती आणि पुढच्या वेळी रविवारी या, असं बजावत होती.

"एवढं म्हणायला एकतीस वर्षं लागली तुला?"

"हो."

"त्या वेळी म्हणाली असतीस तर, कुणास ठाऊक." त्याने बाहीने नाक पुसलं. "मी वाट बघायचो. पहिली काही वर्षं तर फार. दार वाजलं की वाटायचं, तू असशील."

व्हर्लीनने ओट्याची कड धरली.

"बुधवारी ये," तो म्हणाला. "डॅडींनी सांगितलंय म्हणून..." तो थांबला. "नाही, तसं नको. मीच सांगतोय. ये. पोराच्या डाव्या हाताला बस. ते कागद वाचून दे त्याला, मला त्यातलं काही कळत नाही."

"येते," ती म्हणाली, आणि तिला हुंदका फुटला. तो थांबेना. तिने ओला पंचा तोंडात कोंबला तरी थांबेना. क्लिऑन क्रेटवरून उठला, तिच्याजवळ गेला आणि अवघडलेला हात तिच्या पाठीवर ठेवला. त्याला वाटलं, माफी मिळाली म्हणून रडतेय. त्याने तिला रडू दिलं.